गहिवराचा किराणा

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला काय काय आठवतं याची आपण एक ठरावीक यादी करून ठेवली आहे: आधी आई, मग गाव, मग मातृभाषा. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याच्या याद्या वाचून मला खरी क्रमवारी कळली आहे: ज्वारीचं पीठ, कारळ्याची चटणी, काळा मसाला, शेंगदाण्याचं कूट, आणि बॅगेत जागा उरलीच तर आई.

तेवीस किलोच्या बॅगेत कपडे तीन किलो आणि पीठ-मसाले वीस किलो, असा आमच्याकडचा ताळेबंद असतो. बॅग भरून झाली की वहिनी डोळ्याला पदर लावतात. “लेकराच्या तोंडात भाकर पडत नसंल हो, भावजी!” त्यावर सगळं घर गहिवरतं. शेजारीसुद्धा गहिवरतात, आणि जाताना चटणीची एक पुडी आणून देतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. टंचाई असल्याशिवाय हळहळायचं नाही हे मला अर्थशास्त्राच्या पेपरानं शिकवलं. म्हणून मी जरा चौकशी केली. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर ओळीनं आपली दुकानं. पटेल ब्रदर्सनं तर शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर १९७४ सालीच दुकान थाटलं होतं, तेव्हा पुतण्याचा जन्मही झाला नव्हता. आणि ज्वारी? ज्वारी पिकवण्यात अमेरिका जगात पहिल्या रांगेत आहे. कॅन्ससमध्ये ती अमाप पिकते. तिथं ती बव्हंशी गुरं खातात, काहीची मोटारींसाठी इथेनॉल होते. म्हणजे जिथं मोटारी ज्वारीवर चालतात, तिथं आम्ही बीडहून ज्वारीचं पीठ पाठवतो, आणि वर रडतो!

जुलै २०२३ मध्ये सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत तांदळाच्या पोत्यांवर उडालेली झुंबड टीव्हीवर दिसली. वहिनींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुतण्या भाकरीवर वाढलेला. भात त्याच्या पानात सणावारी, तोही मूदभर. पण गहिवराला हिशोब नसतो. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. पुतण्याच्या वजनात या चौदा महिन्यांत घट झाल्याचं ऐकिवात नाही.

एका बाबतीत मात्र मी पुतण्याच्या बाजूनं आहे. सीताफळ! बालाघाटच्या डोंगरातल्या आमच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते बॅगेत घालून अमेरिकेच्या विमानतळाबाहेर नेता येत नाही. त्यासाठी त्यानं खुशाल उसासे टाकावेत.

पण याच सीताफळाचे डोळे उघडायच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दुसऱ्या एका परदेशी निघतात. त्या परदेशाला पासपोर्ट लागत नाही, कोयता लागतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. नवरा-बायको मिळून तिथं हिशोबात ‘एक कोयता’ होतात. त्यांच्या सामानात वाकळ, चार भांडी, कोंबड्या, पोरं आणि धान्याचं पोतं असतं. ते पोतं संपलं की पुढचे महिने तिथल्या दुकानातून उधारीवर पीठ-मीठ. उधारी वाढते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल काही लवकर फिटत नाही.

यांच्यासाठी कोणी डोळ्याला पदर लावल्याचं मी पाहिलेलं नाही. बँकेत तारण असल्याशिवाय कर्ज मिळत नाही, तसा आपल्याकडे डॉलर असल्याशिवाय गहिवर मिळत नाही.

कोणी म्हणेल, त्यांना रेशन आहे की! आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून तर ते फुकट आहे. पूर्वी कार्ड गावच्या दुकानाला बांधलेलं असायचं; माणूस फडात आणि धान्य गावात. २०१९ पासून ‘एक देश, एक रेशन कार्ड’ सुरू झालं. कागदावर आता कुठल्याही गावी अंगठा लावा आणि धान्य घ्या. फार छान. पण अंधारात फडात शिरून अंधारातच कोपीवर परतणाऱ्या माणसानं अंगठा लावायचा कधी? दुकान उघडं असतं तेव्हा त्याच्या अंगठ्याखाली कोयत्याची मूठ असते. एक दिवस खाडा केला तर मजुरी जाते, आणि पाच किलो गव्हासाठी तो हिशोब बी.कॉम. न होताही त्याला जमतो.

मला कारकुनी डोक्यानं एकच कळतं. उसानं भरलेली ट्रॉली फडातून कारखान्यावर जाते, आणि ती फडात परत येते रिकामी. त्या रिकाम्या ट्रॉलीत महिन्यातून एक दिवस रेशनची पोती आणि अंगठ्याचं यंत्र घालून आणलं तर काय बिघडेल? ऊस वेळेत गाळला नाही तर वाळतो, म्हणून त्याच्यासाठी सगळी व्यवस्था आहे. माणूसही वाळतो. फक्त त्याचा उतारा कोणी काढत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

पुतण्याचा मला राग नाही. त्यानं चटणी जरूर मागावी, आपणही पाठवावी. तक्रार आहे ती आपल्या गहिवराच्या वाटपाबद्दल. सात समुद्रापलीकडची भाकरी आपल्याला इथून दिसते आणि दोन जिल्ह्यांपलीकडची दिसत नाही, याला मी दूरदृष्टी म्हणायला तयार नाही.

संक्रांतीला वहिनी न्यू जर्सीला हलवा पाठवतात. त्यातली साखर कोणाच्या कोयत्याखालून आली, ते पार्सलवर लिहायची पद्धत नाही. लिहिलं तर काट्यावर पार्सलाचं वजन तेवढंच भरेल. आपल्याला मात्र ते थोडं जड लागेल.