पात्यांचा शिणवटा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची लांबच लांब पाती फिरताना पाहिली म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वादळाचा. एवढी पाती तुफानात टिकतात कशी? प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते तो दुय्यम होय. वादळ क्वचित येते आणि त्या वेळी पाती वाऱ्याकडे धार करून चक्की थांबविता येते. पात्याची खरी कसोटी लागते ती रोजच्या साध्या वाऱ्यात.

थोडा हिशेब करू. पाते मिनिटास 15 फेरे घेते असे धरले, तर दिवसाचे 21,600 फेरे होतात आणि अखंड फिरल्यास 20 वर्षांत 15 कोटींहून अधिक. प्रत्येक फेऱ्यात पात्याचे स्वतःचेच वजन त्यास एकदा एका कडेला व एकदा दुसऱ्या कडेला वाकविते. शिवाय वाऱ्याचे झोत त्यास मागे रेटीत असतात. एकेक भार क्षुल्लक. परंतु कोट्यवधी वेळा आलेला तोच भार पदार्थास आतून पोखरतो. यासच पदार्थाचा शिणवटा म्हणतात.

त्याची किंमत एका प्रसिद्ध यंत्राला मोजावी लागली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ग्रँडपाज नॉब या टेकडीवर 1941 साली पामर पुटनम यांची 1,250 किलोवॅटची पवनचक्की सुरू झाली. तिची पाती पोलादी, प्रत्येकी सुमारे आठ टनांची. बुंध्यापाशी ती दुबळी आहेत हे जाणकारांस ठाऊक होते. पण युद्धकाळातील टंचाईमुळे दुरुस्ती लांबणीवर पडली. 26 मार्च 1945 रोजी एक पाते तुटून दूर फेकले गेले.

पुढे 1957 साली जर्मनीत उल्रिख ह्यूटर यांनी काचतंतू व राळ यांच्या संमिश्र पदार्थाची पाती वापरली. तंतू ओढ सोसतात. राळ त्यांना धरून ठेवते व एकाचा भार दुसऱ्याकडे पोचविते. बुंध्याशी तंतू न तोडता बोल्टांच्या नळ्यांभोवती त्यांचे वेढे दिलेले होते. हीच रीत डेन्मार्कमधील ट्विंड येथील शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी उचलली व 1978 साली स्वतः उभारलेली 54 मीटर व्यासाची पवनचक्की चालू केली.

तथापि संमिश्र पदार्थ शिणत नाही, असे मात्र नाही. प्रथम राळेत केसासारख्या बारीक भेगा पडतात, मग तंतूंवरील तिची पकड सुटते, थर विलग होतात आणि पात्याचा ताठपणा हळूहळू कमी होतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो! म्हणूनच नव्या नमुन्याचे पाते बुंध्याशी जखडून महिनोन्महिने, लक्षावधी वेळा हेलकावून पाहतात.

आज पात्यांची लांबी 100 मीटरच्या पुढे गेली आहे आणि मोठे पाते लवकर उभारण्याची चढाओढ लागली आहे. अशा वेळी परीक्षेचे हे महिने म्हणजे दिरंगाई, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही मुळीच सहमत नाही. पुटनम यांच्या यंत्रास ज्ञानाची उणीव नडली नाही. दोष कळूनही तो वेळीच दूर झाला नाही, हे नडले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अशी पाती घडवील, कोणी ती तपासून सही करील. “भेग बारीक आहे, पुढे पाहू,” हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.