मुलांची अर्धशिशी आणि शाळेतील पहिला अर्धा तास

मायग्रेन, म्हणजेच अर्धशिशी, हे मोठ्यांचे दुखणे आहे असा समज आपल्या घरांत अजून दृढ असल्यामुळे, शाळकरी मुलाने डोके दुखत असल्याचे सांगितले की आधी चष्म्याच्या नंबरावर, मग मोबाइलवर आणि अखेरीस अभ्यासाच्या कंटाळ्यावर संशय घेतला जातो. वस्तुतः हा मेंदू व मज्जातंतूंचा, पुष्कळदा आनुवंशिक, आजार असून मुलांमध्ये ते दुखणे बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते आणि काही वेळा दोन तासांतच ओसरते. दुपारी पांढरेफटक पडून ओकणारे, उजेड नकोसा झालेले मूल झोपून उठताच खेळायला धावते आणि नेमके त्याचमुळे ते बहाणेखोर ठरते. दुखण्यासोबत तोल जात असेल, फिट आली असेल किंवा दुखण्याने झोपमोड होत असेल, तर मात्र विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली आयबुप्रोफेनची मात्रा दुखणे सुरू होताच दिल्यास तिचा गुण अधिक येतो; तथापि आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून अधिक वेळा वेदनाशामके दिली गेल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी बळावते, आणि यकृत व मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमच्या धोक्यामुळे ॲस्पिरिन मुलांना परस्पर कधीच देऊ नये. रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी 2017 साली प्रसिद्ध झालेली, 8 ते 17 वर्षे वयाच्या मुलांवरील अमेरिकी चाचणी उद्बोधक आहे: अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट ही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, परंतु तिन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने वा त्याहून अधिक घटले. वेळेवर झोप, न चुकणारी न्याहारी, पुरेसे पाणी आणि विचार व सवयी बदलण्यास शिकवणारी वर्तनोपचार पद्धती यांना म्हणूनच दुय्यम लेखता येत नाही.

अमेरिकेतील अनेक शाळांत साधी गोळीही डॉक्टरांच्या लेखी अनुमतीविना मिळत नसल्याने उपचाराचा मोलाचा पहिला अर्धा तास वाया जातो. 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 अन्वये पात्र मुलासाठी लेखी योजना आखून औषध, अंधारी खोली आणि परीक्षेतील वाढीव वेळ यांची तरतूद करून घेता येते. पण या कायद्यातील ‘अपंगत्व’ या शब्दाला बिचकून अनेक पालक अर्जच करत नाहीत, आणि त्या संकोचाची किंमत मूल मोजते.

शाळेबाहेर, इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातही ढोल-ताशांचा दणदणाट आणि आरतीनंतर लांबलेले जेवण अशा मुलांना सोसत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीने मुलांची पंगत आरतीपूर्वी बसवावी व एक शांत खोली राखून ठेवावी, आणि पालकांनी शाळा सुरू होण्याआधीच 504 योजनेचा अर्ज द्यावा, ही विनंती.