परग्रहावरची वसाहत आणि आपले तपोवन

परग्रहावर जाऊन राहिलेली माणसे आणि त्यांचा एकलेपणा हा विज्ञान-नभोनाट्याचा जुना व लाडका विषय आहे. पृथ्वीपासून कोट्यवधी मैलांवर मूठभर माणसांची वसाहत असते. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नसते. पृथ्वीवरचे निरोप उशिरा येऊ लागतात आणि एके दिवशी यायचेच थांबतात. श्रोत्याला दिसत काहीच नाही. यंत्रांची घरघर आणि बोलणारी माणसे, एवढ्यावर सारे नाटक उभे राहते. एकलेपणा सांगायला चित्रपटापेक्षा आकाशवाणी बरी, असे आमचे मत आहे. डॉ. जयंत नारळीकरांमुळे विज्ञानकथा मराठी घरांत रुळली. ती कानावाटेही अधिक यायला हवी.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे काही वाचक विचारतील. एकांतवासाचा परिणाम मनाबरोबर शरीरावरही होतो, म्हणून. मॉस्कोमध्ये जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुषांना ५२० दिवस बंद दालनांत ठेवून मंगळप्रवासाचा प्रयोग करण्यात आला. मंगळाहून निरोप यायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात. म्हणून बाहेरच्यांशी होणारे त्यांचे बोलणेही मुद्दाम उशिराने पोहोचवले जाई. हे सहाही जण निवडक आणि धडधाकट होते. तरी दिवस जाऊ लागले तशी त्यांची हालचाल मंदावत गेली आणि काहींच्या झोपेचे वेळापत्रक पार बिघडले. त्यांना बाहेर पडण्याची तारीख ठाऊक होती, हे विसरू नका.

आपल्याकडे एवढ्या लांबच्या उदाहरणाची गरज नाही. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. अकोल्याची स्थितीही वेगळी नव्हती. ‘विलगीकरण’ हा शब्द तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होता. चौदा दिवस एका खोलीत काढताना, ताट दाराबाहेर ठेवून जाणारी पावले ऐकताना काय वाटते, ते अनेकांनी अनुभवले आहे. ते चौदा दिवस ज्यांच्या वाट्याला चाळीस वर्षे म्हणून आले, त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

१९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या कडेच्या माळावर कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. दाजीसाहेब होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते होते. त्या काळी रोग्याला घरातून काढले जाई. गावाची विहीर बंद होई आणि वाट उरे ती भिकेची. १८९८ च्या कायद्याने अशा निर्धन रोग्याला पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. तो कायदा केंद्राच्या पुस्तकातून अधिकृतपणे पुसला गेला २०१६ साली, हे वाचून आम्हालाही अंमळ नवल वाटले होते. तपोवनात या माणसांना काम मिळाले, छप्पर मिळाले, पुन्हा कोणाचे तरी शेजारी होता आले. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहेच. या संस्थांचे उपकार वऱ्हाडावर मोठे आहेत.

पण ती वसाहत वसवावी का लागली? जंतू पसरू नये हे एक कारण होते. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे आपण, गावातली निरोगी माणसे. नभोनाट्यातली वसाहत परत येऊ शकत नाही, कारण यान नसते. तपोवनापासून अमरावतीचा बाजार तो केवढा लांब? तरीही बरी झालेली कित्येक माणसे घरी परतली नाहीत. औषध पूर्ण झाले, पण घराचे दार उघडले नाही.

आता विज्ञान काय सांगते ते पाहा. नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू १८७३ मध्येच दाखवला. तेव्हा पूर्वजन्मीचे पाप वगैरे गोष्टी त्याच दिवशी निकालात निघायला हव्या होत्या. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. १९८१ पासून बहुविध औषधोपचार आला. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाची भीती उरत नाही. म्हणजे त्याला वेगळे ठेवण्याला आज वैद्यकीय आधार काडीइतकाही नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. तेव्हा ‘रोग संपला’ असा समज पसरला, आणि त्याने नुकसानच केले. नवे रुग्ण आजही सापडतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ मध्ये कायद्यातून काढावे लागले.

दवाखान्यात आम्हाला दिसते ते असे. मुलीच्या दंडावर फिकट चट्टा असतो. आई तो लग्न ठरेपर्यंत झाकते. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणाची तक्रारही नसते. त्वचेखाली मज्जातंतू मात्र खराब होत राहतो. वर्ष-दोन वर्षांनी करंगळी वाकते, चहाचा गरम पेला हाताला भाजतो आणि कळत नाही. मग धावपळ सुरू होते. गोळ्यांनी जंतू मरतो, पण फार काळ मेलेला मज्जातंतू परत येत नाही. हे व्यंग रोगापेक्षा लपवण्यामुळे अधिक येते, आणि लपवण्याचे कारण पुन्हा तेच, वाळीत पडण्याची भीती.

म्हणून आमची एक सूचना आहे. दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिन असतो. ग्रामसभेत प्रतिज्ञा वाचली जाते आणि मंडळी चहा घेऊन घरी जातात. त्याऐवजी वऱ्हाडातल्या कोणी लेखकाने एखादे नभोनाट्य लिहावे. परग्रहाचे लिहा, हरकत नाही. त्यात वऱ्हाडी बोलणारी म्हातारी असावी, तिचे बोलणे पृथ्वीपर्यंत पोहोचते पण उत्तर कोणी देत नाही. ती कोण हे श्रोत्याला शेवटी कळावे. आवाजाला झडलेली बोटे नसतात. चेहरा पाहून तोंड फिरवणारा माणूस आवाज मात्र ऐकून घेतो.

तोवर प्रत्येकाने घरी एवढे करावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवून घ्यावे. स्पर्श कळला नाही किंवा कमी कळला, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. स्पर्श कळला तरी चट्टा जात नसेल तर एकदा दाखवावाच. हातापायांना मुंग्या, पापणी पूर्ण न मिटणे, चप्पल पायातून नकळत निसटणे, ही लक्षणेही सांगावीत. उपचार चालू असताना चट्टे अचानक सुजले, नसा ठणकू लागल्या, तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ती प्रतिक्रिया असते आणि तिचे वेगळे औषध आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रुग्णाची भांडी आणि अंथरूण वेगळे करू नये.