आधी वाच्यार्थ अडू द्या

'हात वर करणे' हा वाक्प्रचार वर्गात घेतला की मुले बुचकळ्यात पडतात. त्यांच्या जगात हात वर करतो तो उत्तर येणारा. ऐन वेळी जबाबदारी झटकणाराही हातच वर करतो, हे त्यांना चटकन पटत नाही. हा गोंधळ मोलाचा असतो. पण 'म्हणजे असमर्थता दाखवणे, लिहून घ्या' असे सांगून आपण तो तिथेच मिटवतो.

अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या अटी सांगितल्या. मुख्य अर्थ अडला पाहिजे, नवा अर्थ त्याच्याशी कुठेतरी जोडलेला हवा आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा हेतू हवा. पदवीच्या परीक्षेसाठी आपल्यातील अनेकांनी हे पाठ केले. माझ्या मते तो भाषेच्या तासाचा तयार क्रम आहे. 'तोंडचे पाणी पळणे' घ्या. आधी मुलांना त्याचे शब्दशः चित्र काढू द्या. पाण्याला पाय फुटतील, वर्ग हसेल. हे चित्र धड्यातल्या प्रसंगात बसत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळू द्या. मग विचारा, तोंडी परीक्षेच्या वेळी घसा कसा होतो? कोरड पडलेली प्रत्येकाला आठवते, आणि अर्थ सांगावाच लागत नाही.

सगळीकडे अनुभव असा हाताशी नसतो. नळाचे पाणी पिणाऱ्या मुलाने पोहरा पाहिलेला नसेल, तर आडाची म्हण सांगण्याआधी त्याला पोहरा दाखवायला हवा. घरी भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत असे काय म्हणतात, ते जरूर विचारावे. स्वमग्न मुलांपैकी अनेकजण बोलणे शब्दशः घेतात. 'जिभेला लगाम घाल' म्हणताना 'आता बोलू नकोस' हेही त्यांना सांगावे. शब्दशः समजणे हा मठ्ठपणा नव्हे, हे मात्र सर्वच मुलांच्या बाबतीत आपण लक्षात ठेवले पाहिजे.

खरा अडसर प्रश्नपत्रिकेत आहे. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला 'रमेशच्या तोंडचे पाणी पळाले' एवढे लिहिले तरी गुण मिळतात. त्या वाक्यात दुसरा कोणताही वाक्प्रचार घातला तरी चालून जाईल. त्याऐवजी पुढच्या घटक चाचणीत 'पाठ दाखवणे' देऊन दोन छोटे प्रसंग लिहायला सांगा, एक डॉक्टरांकडचा आणि एक रणांगणावरचा. उत्तरे एकसारखी येणार नाहीत आणि तपासायला वेळ लागेल. तो वेळ शिक्षकांना मिळावा, अशी मुख्याध्यापकांना आमची आग्रहाची विनंती आहे.