ब्रुअरीतला बर्गर आणि आप्पांची कवळी

माझे वडील, आप्पा, आता 84 वर्षांचे आहेत. आई गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत त्यांचे वजन 62 किलोंवरून 58 वर आले. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले तर कारण शोधावे, असे मी दवाखान्यात नेहमी सांगतो. घरी मात्र रक्तदाबाच्या धास्तीने त्यांच्या पानातले लोणचे-पापड काढून घेण्यातच मी कर्तव्य मानत होतो. तपासण्यांत काही विशेष निघाले नाही. जेवणावरची वासनाच उडाली होती.

अशात माझ्या मुलाने बातमी आणली. पुण्यातल्या आमच्या भागातील एका ब्रुअरीने बर्गरच्या स्पर्धेत आपला बर्गर उतरवला होता आणि खाणाऱ्यांनी गुण द्यायचे होते. “आजोबा, परीक्षक म्हणून चला,” असे तो म्हणाला आणि आप्पा चक्क तयार झाले. मी सोबत गेलो तो पहारेकरी म्हणून.

बर्गर आला तो वीतभर उंच. मटणखिम्याची जाड टिक्की, त्यावर अंडे, चीज, कांदा, काकडीचे लोणचे आणि हे सारे सावरायला मध्ये खोवलेली बांबूची काडी. टिक्की आतून गुलाबी दिसली, तेव्हा मी ती परत पाठवून पूर्ण शिजवून आणायला सांगितले. अखंड मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून वृद्धांनी अर्धकच्चा खिमा खाऊ नये. मुलाला माझी थोडी लाज वाटली, पण चालायचेच.

बिअरचा घोटभर आग्रह आप्पांनी स्वतःच धरला. ते रात्री झोपेची गोळी घेतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना कधी कधी त्यांना गरगरते. यांत मद्य मिसळले की पडण्याचा धोका वाढतो, म्हणून मी नकार दिला. ते रुसले. पुढे लिंबू-सोडा आला, त्यातही मीठ होतेच!

आणि मग तो क्षण. आप्पांनी बर्गर दोन्ही हातांत धरून मोठा घास घेतला, दोनदा चावला आणि खोकू लागले. डोळ्यांत पाणी आले. मुलगा पाण्याचा पेला घेऊन धावला, त्याला मी थांबवले. खोकला जोरदार असेल, आवाज निघत असेल, तर खोकू द्यावे. पाणी पाजू नये. खोकता-बोलता येत नसेल, तर व्यक्तीला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा माराव्यात, अडथळा तरी सुटला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पोटावर आत-वर असे पाच झटके द्यावेत, हाच क्रम चालू ठेवावा आणि त्याच वेळी 108 वर फोन करायला सांगावे. आप्पांचा घास खोकल्यानेच सुटला. ती दहा-पंधरा सेकंदे मी डॉक्टर नव्हतो, हे कबूल करतो.

दोष बर्गरपेक्षा पावाचा होता. मऊ पाव लाळेत भिजून कवळीला चिकटतो. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे घासाचा आकार नीट कळत नाही. त्यात ॲलर्जीच्या आणि लघवीवर ताबा ठेवणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. आप्पांची कवळी वजन घटल्यापासून सैल झाली होती. हे मला त्या टेबलाशी कळले, याची मला खंत आहे.

मग वरचा पाव बाजूला ठेवला, सुरीने टिक्कीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि आप्पांनी ताठ बसून, एकेक गिळून, निम्मी टिक्की व अंडे संपवले. इतके ते कित्येक आठवड्यांत जेवले नव्हते. चीज, लोणचे, सॉस धरून मीठ भरपूर होते. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे, म्हणून रात्री घरी अळणी मुगाची खिचडी केली.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याची वेळ घेतली. पानातले लोणचे, चिमूटभर का होईना, परत आले आहे.

गुणपत्रिकेवर आप्पांनी दहापैकी सहा दिले. शेऱ्यात लिहिले, ‘कांदा कच्चा, मुलगा फार बोलतो.’