दोन सर्व्हरमधला पूल कोण सांभाळणार?



प्रवेशअर्ज, हजेरी, फी, गुणपत्रक, बोनाफाइड, शाळा सोडल्याचा दाखला... यातलं बहुतेक काम आता कॉम्प्युटरवर होतं. ही सगळी माहिती कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर साठवलेली असते. पण तो सर्व्हर कुठे आहे, कोणाचा आहे, हा प्रश्न पालकसभेत किंवा स्टाफ मीटिंगमध्ये सहसा निघत नाही. "ते टेक्निकल आहे, कंपनीवाले बघतील," असं म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

संस्था मोठी असेल तर तिच्या दारात तीन प्रकारचे विक्रेते येतात. पहिला म्हणतो, "सगळं क्लाउडवर टाका, डोक्याला ताप नाही." दुसरा म्हणतो, "स्वतःचा सर्व्हर घ्या, आपली माहिती आपल्या हातात." तिसरा म्हणतो, "दोन्ही घ्या, याला हायब्रिड होस्टिंग म्हणतात." माझ्या मते मोठ्या संस्थांसाठी तिसऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. दोन्ही विकत घेणं सोपं आहे. त्यांना नीट जोडणं आणि ती जोड वर्षानुवर्षं सांभाळणं अवघड आहे. संस्थेचा पैसा आणि आपल्या मुलांची माहिती, दोन्ही त्या जोडीवर अवलंबून असतात. म्हणून हा विषय तुमच्या-माझ्याही कामाचा आहे.

आधी शब्द समजून घेऊ

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे एक अख्खं मशीन, फक्त आपल्याच कामासाठी. ते संस्थेच्या खोलीत असेल किंवा एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने घेतलेलं असेल. वापर कमी असो वा जास्त, भाडं तेवढंच आणि ताकदही तेवढीच.

क्लाउड सर्व्हर म्हणजे मोठ्या डेटा सेंटरमधल्या हजारो मशीनच्या एकत्रित ताकदीतला एक वाटा. हवा तेवढा घ्यायचा, वापरायचा, काम झालं की सोडून द्यायचा. भाडं तासाच्या, काही वेळा सेकंदाच्या हिशोबाने. यासाठी परदेशात जावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. रोज पाच-सहा माणसांचा स्वयंपाक असतो, म्हणून कोणी पाचशे पानांचं स्वयंपाकघर बांधत नाही. लग्न निघालं की मंगल कार्यालय घेतो, दोन दिवसांचं भाडं भरतो आणि चावी परत देतो. पण दागिन्यांचा डबा कोणी कार्यालयाच्या खोलीत कायमचा ठेवून येत नाही. हायब्रिडची कल्पना एवढीच आहे.

निकालाच्या दिवसाचं गणित

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी साधारण १५ लाख विद्यार्थी बसतात. समजा, त्यातल्या निम्म्यांनी निकाल लागल्यावर पहिल्या १० मिनिटांत तो बघायचा प्रयत्न केला. म्हणजे ६०० सेकंदांत साडेसात लाख विचारणा, दर सेकंदाला १,२५०. पान उघडलं नाही की घरातली तीन माणसं तीन मोबाइलवरून पुन्हा पुन्हा बटण दाबतात, म्हणजे खरा आकडा याहून मोठा. पंधरा दिवसांनी त्याच पानाकडे कोणी फारसं फिरकतही नाही.

एवढ्या एका दिवसासाठी स्वतःची मशीन घेतली तर ती उरलेलं वर्षभर धूळ खात पडतील. आणि कमी ताकदीची घेतली तर नेमकी त्याच दिवशी बसतील. विद्यापीठाचे निकाल, प्रवेशाची शेवटची तारीख, मोठ्या संस्थेचं फी भरण्याचं वेळापत्रक, सगळीकडे हाच प्रकार.

काय घरी, काय बाहेर?

मूळ नोंदी, म्हणजे जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, पालकांचे फोन, जातीचा दाखला, सगळ्या वर्षांचे गुण, हे काम रोजचं आणि ठरावीक असतं. ते आपल्या डेडिकेटेड सर्व्हरवर राहू द्यावं. निकाल तयार झाला की त्यातली गरजेपुरती प्रत क्लाउडवर पाठवायची: बैठक क्रमांक, नाव, आईचं नाव आणि गुण. लोक बैठक क्रमांक टाकतात ते क्लाउडवरच्या प्रतीला विचारतात. मूळ नोंदींपर्यंत त्यांची गर्दी पोहोचतच नाही. आठवड्याभराने गर्दी ओसरली की जादा क्लाउड सर्व्हर बंद करायचे.

पाठाचे व्हिडिओ, सराव प्रश्नपत्रिका, शाळेची वेबसाइट हे सगळंही बाहेर राहिलं तरी चालतं. तिथे लपवण्यासारखं काही नसतं, आणि ते सगळ्यांपर्यंत लवकर पोहोचावं हीच अपेक्षा असते.

मधला पूल कसा असतो?

दोन्ही ठिकाणं जोडायचे मुख्य मार्ग दोन. पहिला व्हीपीएन. नेहमीच्याच इंटरनेटवरून माहिती जाते, पण कुलूपबंद पेटीतून, वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी. हा स्वस्त असतो, पण रस्त्यावर गर्दी असली की पेटीलाही उशीर होतो. दुसरा मार्ग म्हणजे क्लाउड कंपनीपर्यंत भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन. ती महाग पडते, पण वेग भरवशाचा मिळतो. बहुतेक शिक्षणसंस्थांना पहिला मार्ग पुरेसा आहे. मात्र पूल बांधताना चार गोष्टी हमखास राहून जातात.

एक, पत्ते. आतल्या नेटवर्कमधल्या मशीनना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देण्याची पद्धत सर्रास आहे. घरी तोच पत्ता आणि क्लाउडवरही तोच, असं झालं तर पेटी कुठे द्यायची तेच कळत नाही. एकाच गावात दोन गल्ल्यांना एकच नाव आणि घरांना तेच नंबर दिले, तर पोस्टमन काय करील? म्हणून दोन्हीकडचे पत्ते पहिल्याच दिवशी वेगवेगळे ठरवावे लागतात. नंतर बदलायचं म्हणजे एकेक मशीन हलवावं लागतं.

दोन, अंतर. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात अवश्य घ्या. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई सुमारे १५० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, अर्थात सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. क्लाउड सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात घेतला तर अंतर सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. एक पान उघडायला क्लाउडला घरच्या सर्व्हरकडे ५० वेळा विचारावं लागत असेल, तर मुंबईहून ७५ मिलिसेकंद लागतील आणि व्हर्जिनियाहून साडेसहा सेकंद! तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतली यंत्रंही वेळ खातात, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. यावरून दोन गोष्टी कळतात. क्लाउड जवळचा घ्यावा, आणि रचना अशी करावी की दर वेळी पूल ओलांडावाच लागू नये.

तीन, पूल बंद पडला तर? रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणं आपल्याला नवीन नाही. अशा वेळी क्लाउडवर भरलेले अर्ज तिथेच रांगेत थांबले पाहिजेत आणि जोड सुरू झाली की क्रमाने आत आले पाहिजेत. हे आधी ठरवलेलं नसेल, तर पालकाच्या हातात पावती असते आणि संस्थेकडे अर्ज नसतो. मग दोष कोणाचा, यावर वाद सुरू होतो.

चार, बिल. मोठ्या क्लाउड कंपन्या माहिती आत घ्यायचे सहसा पैसे लावत नाहीत, बाहेर न्यायचे लावतात. रोज सगळा साठा क्लाउडवरून घरी ओढत बसलं की महिन्याअखेरीस बिल बघून मुख्याध्यापकांना घाम फुटतो. म्हणून काय, किती आणि कोणत्या दिशेने जाणार, याचा अंदाज आधी काढावा.

एकाच जागी सगळं, किंवा दार उघडं

"आमचा सर्व्हर आमच्याकडे आहे, मग कशाला काळजी?" असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या डेजॉन शहरात सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठवल्या जात, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. आपल्याकडे आगीबरोबर पाणीही आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा गावात शाळेचा सर्व्हर तळमजल्यावरच्या ऑफिसात असेल, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता उलट बाजू. "क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षितच आहे," असंही नाही. दीक्षा अ‍ॅप आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. त्यातली माहिती क्लाउडवर कुलूप न लावता उघडी राहिली होती, असं जानेवारी २०२३ मध्ये बातम्यांतून समोर आलं. १० लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर आणि ईमेल त्यात होते, विद्यार्थ्यांचीही माहिती होती. क्लाउड कंपनीची इमारत, पहारा, यंत्रं सगळं जागच्या जागी होतं. पण साठ्याला कुलूप लावणं हे भाडेकरूचं काम असतं.

हायब्रिड रचनेत हे दोन्ही धोके कमी करता येतात. घरच्या नोंदींची कुलूपबंद प्रत रोज रात्री क्लाउडवर जाते, त्यामुळे आग-पुराची भीती कमी. आणि लोकांसमोर गरजेपुरतीच माहिती असते, त्यामुळे दार उघडं राहिलंच तरी नुकसान मर्यादित. पण एक लक्षात ठेवा. पूल दोन्हीकडून चालतो. क्लाउडवरच्या वेबसाइटमध्ये कोणी घुसला आणि पुलावर पहारा नसेल, तर तो थेट घरच्या तिजोरीपर्यंत येतो. म्हणून पुलावरून कोणती माहिती, कोणत्या दिशेने जाणार, हे मोजून ठरवायचं आणि बाकी सगळं बंद ठेवायचं.

जबाबदारी कोणाची?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, असं हा कायदा सांगतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. महत्त्वाचं म्हणजे, काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी कायद्याने जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेव्हा "कंपनीवाले बघतील" हे उत्तर आता पुरणार नाही.

हायब्रिडमध्ये तर जबाबदारी टोलवायला तीन जागा मिळतात. घरच्या सर्व्हरचा माणूस म्हणतो क्लाउडमध्ये गडबड आहे, क्लाउडवाला म्हणतो लाइन खराब आहे, लाइनवाला म्हणतो आमच्याकडून सगळं सुरू आहे. अशा वेळी पालक खिडकीसमोर उभाच राहतो. म्हणून पुलाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर, लेखी असायला हवी. तो माणूस नेमायला पैसे नसतील, तर हायब्रिड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सगळ्यांनीच घ्यायचं का?

नाही. ३०० मुलांच्या शाळेला यातलं काही लागत नाही. तिच्यासाठी एखादी चांगली क्लाउड सेवा, मजबूत पासवर्ड आणि महिन्याला एकदा कपाटात ठेवलेली प्रत एवढं पुरे. हायब्रिड म्हणजे दोन घरांचा संसार. दोन्हीकडे दुरुस्ती, दोन्हीकडे अपडेट, दोन्हीकडची माहिती असलेला माणूस. विद्यापीठ, परीक्षा घेणारी मंडळं, शेकडो शाळा चालवणाऱ्या संस्था यांना तो परवडतो आणि शोभतोही. छोट्या शाळेच्या गळ्यात कोणी हे पॅकेज मारत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

पण शाळा छोटी असो वा मोठी, पुढचे प्रश्न मात्र आपण विचारलेच पाहिजेत:

१. आमच्या मुलांच्या मूळ नोंदी कुठे आहेत आणि प्रत कुठे आहे?
२. बाहेरच्या सर्व्हरवर नेमकी कोणती माहिती जाते? त्यात आधार आणि फोन नंबर कशासाठी?
३. जोड तुटली तर भरलेल्या अर्जाचं काय होतं?
४. प्रतीवरून नोंदी परत आणून बघण्याची चाचणी शेवटची कधी केली?
५. उद्या कंपनी बदलली तर माहिती परत कशी आणि किती खर्चात मिळेल?
६. रात्री काही बंद पडलं तर फोन कोणाला करायचा? त्याचं नाव काय?

हे विचारायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. शिक्षकांनी हे स्टाफ मीटिंगमध्ये विचारावेत, पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेत, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पहिल्या सभेत सहापैकी दोनच उत्तरं मिळाली तरी हरकत नाही. उरलेली चार कोण आणणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेवढं त्याच सभेत ठरवून घ्या. तुमच्या शाळेत काय उत्तरं मिळाली ते जरूर कळवा.