माळ्यावरच्या तबकड्या

गिरगांवांतील जुन्या वाड्या व चाळी पाडून त्यांच्या जागीं मनोरे उभे राहूं लागल्यापासून एक गोष्ट फार झपाट्यानें घडत आहे. पिढ्यान् पिढ्या माळ्यावर पडून असलेलें सामान एका आठवड्यांत खालीं येतें आणि त्याचा निकाल एकाच दुपारीं लागतो. तांब्यापितळेचीं भांडीं कोणी तरी मागून नेतो. सागवानी पेटीस गिऱ्हाईक मिळतें. पण त्या पेटीच्या तळाशीं, पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटांतून ज्या काळ्या, जड तबकड्या निघतात, त्यांचें काय करावें हें घरांतील तरुण मंडळींस समजत नाहीं. वाजवावयास यंत्र नाहीं आणि नव्या घरांत ठेवावयास माळा नाहीं. मग त्या रद्दीबरोबर जातात, आणि नशीब बलवत्तर असेल तर चोरबाजारांतील एखाद्या दुकानांत धूळ खात पडतात. या तबकड्यांविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

सन १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग नांवाचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्यानें गौहरजान प्रभृति गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून, आवाज चढवून, अवघ्या तीन मिनिटांच्या आंत चीज संपवावयाची, आणि संपतांच आपलें नांव मोठ्यानें सांगावयाचें! तबकड्या छापून येत त्या जर्मनींतील हानोव्हरहून. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला तेव्हां ही पायपीट थांबली. मौज अशी कीं, या तबकडीचा जीव म्हणजे लाख, आणि लाख तर आमच्याच रानांतून परदेशीं जाई. आपल्याच झाडांवरचा डिंकासारखा पदार्थ सात समुद्र ओलांडून जाई आणि आपल्याच गवयांचा आवाज अंगावर कोरून घेऊन परत येई. १९२५ नंतर विजेचें ध्वनिमुद्रण आलें व कर्णा गेला; तेव्हांपासून हळुवार सुरासही तबकडीवर जागा मिळूं लागली.

पण या यंत्राकडे सर्वांनींच धांव घेतली असें नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य तबकड्यांच्या द्वारें घरोघर पोहोंचले. गुरूंचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नाहीं. अल्लादियाखांसाहेबांची गोष्ट तर अधिक चुटपुट लावणारी आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा प्रवर्तक १८५५ सालीं जन्मला आणि १९४६ सालीं मुंबईंत निवर्तला. म्हणजे हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर चव्वेचाळीस वर्षें तो हयात होता, आणि त्यांतील कित्येक वर्षें याच शहरांत! तरी त्याच्या गळ्यांतील एक स्वरही मागें राहिला नाहीं. आपली चीज पानपट्टीच्या दुकानांत वाजूं लागेल, कोणीही उठून ती उचलील, तीन मिनिटांत राग तो काय मांडावयाचा, अशीं त्या काळच्या बुजुर्गांचीं कारणें सांगतात. कारणें खोटीं नव्हतीं. परंतु त्यांचा परिणाम असा झाला कीं, खांसाहेब कसे गात हें आज ज्यास जाणावयाचें असेल, त्यास त्यांच्या शिष्यांच्या तबकड्यांचें दार ठोठवावें लागतें.

त्या शिष्यांत केसरबाई केरकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. गोव्यांतील केरी या गांवीं १८९२ सालीं कलावंतांच्या कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. लहानपणीं कांहीं महिने अब्दुल करीमखांसाहेबांपाशीं, पुढें रामकृष्णबुवा वझे यांच्यापाशीं, मुंबईस आल्यावर बर्कतुल्लाखां व भास्करबुवा यांच्यापाशीं, असें शिक्षण तुकड्यातुकड्यांनीं झालें. आणि शेवटीं १९२१ सालीं अल्लादियाखांसाहेबांनीं त्यांस गंडा बांधला. तेथून गुरूच्या मृत्यूपर्यंत पंचवीस वर्षें ही तालीम चालली. लग्न होऊन, मुलें होऊन, त्यांचीं शिक्षणें होण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा काळ ही बाई एका गुरूपुढें बसून होती!

केसरबाईंनीं विजेच्या ध्वनिमुद्रणाच्या काळांत थोड्याशा तबकड्या दिल्या. नटकामोद, ललितागौरी, ककुभ बिलावल, मालकंस, भैरवी अशी त्यांची यादी लहानच आहे. पुढें मात्र त्यांनीं या यंत्राशीं अबोला धरल्यासारखें केलें. मैफलीचें ध्वनिमुद्रण त्यांस खपत नसे. आमच्या मतें यांत हेकटपणापेक्षां अभिमान अधिक होता; जें गाणें समोर बसून, मान हालवून, रात्र जागवून ऐकावयाचें, तें कोणी खिशांत घालून न्यावें हें त्यांस रुचलें नाहीं. आज मात्र ज्या तबकड्या त्यांनीं नाखुषीनें दिल्या असतील, त्यांच्याचवर आमचा सारा व्यवहार चालला आहे.

'तबकडीवरचें गाणें म्हणजे बरणींतला आंबा' असें म्हणणारे वडीलधारे आम्हीं पाहिले आहेत. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. तीन मिनिटांची तबकडी ही मैफलीची लहान प्रतिकृति नव्हेच. तो एक स्वतंत्र घाट आहे. विलंबित आलाप तेथें मावत नाहीं, म्हणून केसरबाई बहुधा मध्यलयींतील चीज घेतात. आरंभींच षड्ज असा लागतो कीं राग कोणता याविषयीं शंका उरत नाहीं. मग भरदार आकार. लयीच्या अंगानें वळणें घेत जाणारी, दम न तोडतां समेवर येऊन पडणारी तान. आणि कोठेंही घाई नाहीं. नटकामोदासारख्या जोडरागांत नट केव्हां संपला आणि कामोद केव्हां लागला हें दाखवावयास दुसरा गवई अर्धा तास घेईल. येथें दोन्ही राग एकाच तानेंत हातांत हात घालून जातात. एकदां ऐकून हें ध्यानांत येत नाहीं. पण तबकडीचा हाच तर गुण कीं, ती दहा वेळां लावतां येते.

आणखी एक गोष्ट स्त्रीवाचकांसाठीं सांगावीशी वाटते. गिरगांवांत लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणीं ज्या मैफली झाल्या, त्यांस कुलीन घरांतील किती स्त्रिया जाऊं शकल्या असतील? पुरुषमंडळी पहाटे परत येऊन गाण्याच्या गोष्टी सांगत, त्या गृहिणीनें चहा करतां करतां ऐकावयाच्या, एवढाच तिचा वांटा. कलावंत घराण्यांत जन्मलेल्या गायिकेस आपल्या माजघरांत पाट मांडावा, एवढें मनाचें मोठेपण तर त्या काळीं आमच्या सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांतूनही क्वचितच होतें. हें स्पष्ट कबूल केलें पाहिजे. तबकडीनें हा सोंवळ्याचा प्रश्न कोणास न विचारतां सोडवला. केसरबाई, हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर यांचा आवाज थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. ज्या आजीबाई एकदांही मैफलीस गेल्या नाहींत, त्यांस भैरवीचा कोमल ऋषभ ओळखूं येई, तो या मार्गानें. माळ्यावरच्या त्या पेटींत गाण्याइतकाच हाही इतिहास आहे. पुष्कळदां पाकिटावर कोणा काकूंच्या वा आत्याबाईंच्या हातचें नांव व तारीख सांपडते.

आतां एक शोधाची कथा. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविली आहे. कोणी परक्या लोकींचा जीव भेटलाच तर पृथ्वीवरचे आवाज त्यास ऐकवावे, म्हणून. जगांतील सत्तावीस संगीतखंड तीवर घेतले. हिंदुस्थानच्या वतीनें रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञानें केसरबाईंची भैरवी सुचविली, 'जात कहाँ हो'. सूचना तर मान्य झाली. पण तबकडी कोठें आहे? ती बाजारांतून केव्हांच नाहींशी झाली होती. शोधाशोध करतां करतां न्यू यॉर्कच्या लेक्झिंग्टन रस्त्यावर एका हिंदी कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानांत, टेबलाखालीं पडलेल्या धुळकट खोक्यांत, तिच्या तीन कोऱ्या प्रती मिळाल्या. ज्या गाण्यास अंतराळांत स्थान मिळावयाचें, तें पृथ्वीवर एका खोक्याच्या आधारानें उरलें होतें!

त्याच सोनेरी तबकडीवर ग्लेन गूल्ड या कानडांतील पियानोवादकानें वाजविलेला बाखचा एक खंडही आहे. या दोन शेजाऱ्यांची तुलना मनोरंजक आहे. गूल्डनें १९६४ सालीं ऐन तिशींत जाहीर जलसे कायमचे सोडले, तें ध्वनिमुद्रणाच्या ओढीनें. श्रोत्यांच्या गर्दीपेक्षां यंत्रासमोर एकट्यानें वाजविणें त्यास अधिक खरें वाटे. केसरबाईंनींही जवळजवळ त्याच सुमारास मैफली थांबविल्या. पण यंत्र जवळ न करतां. पियानोच्या जगांत ध्वनिमुद्रणाचें मोल फार लवकर ओळखलें गेलें. ब्राम्ससारख्या थोर रचनाकारानें १८८९ सालीं मेणाच्या नळकांड्यावर स्वतः वाजविलेला पियानो आज खरखरीच्या ढिगाखालीं जेमतेम ऐकूं येतो, तरी विद्वान् मंडळी त्याच्या एकेका सुरासाठीं कान टवकारून बसतात. आमच्याकडे स्वच्छ ऐकूं येणारी तबकडी किलोच्या भावानें जाते. पहिलें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं उडालें (दुसरें, नांवानें दुसरें असलें तरी, त्याच्या आधींच २० ऑगस्टला), आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईंत वारल्या. २०१२ सालीं पहिल्या यानानें सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली.

मुंबईंत या विषयाची आस्था असणारे लोक अगदींच नाहींत असें नाहीं. १९९० सालीं येथें 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. तिनें 'द रेकॉर्ड न्यूज' नांवाचें नियतकालिक काढून कोणत्या गायकाची कोणती तबकडी केव्हां निघाली याच्या याद्या चिकाटीनें छापल्या. संग्राहकांनीं आपल्या पदरचे पैसे खर्चून जें केलें, तें पाहिलें म्हणजे माळ्यावरची पेटी उघडण्यापूर्वीं दोन क्षण थांबावें असें वाटतें.

पेटी उघडलीच, तर कांहीं पथ्यें आहेत. तबकड्या एकीवर एक रचूं नयेत. खालची दबून तडकते. ताटें मांडणींत उभीं ठेवतात तशा त्या उभ्या, सरळ ठेवाव्या. मुंबईच्या दमट हवेनें पाकिटांस बुरशी येते. तीं पाकिटें बदलावीं, पण जुन्यावर कांहीं लिहिलें असेल तर तें जपावें. पुसावयास मऊ, कोरडें फडकें पुरे. स्पिरिट मात्र चुकूनही लावूं नये. लाख त्यांत विरघळते आणि पुसतां पुसतां गाणेंच पुसून जातें. लाँगप्लेच्या बारीक सुईनें या तबकड्या वाजवूं नयेत, कारण यांची खांच रुंद असते व सुई तळाशीं खरडत जाते. आणि चावीच्या जुन्या फोनोवर लावावयाची असेल तर पोलादी टांचणी दर बाजूस नवी घ्यावी. मध्यावरील कागदाचें व त्याजवळ लाखेंतच उमटविलेल्या आंकड्यांचें छायाचित्र काढून ठेवावें. त्या आंकड्यावरून जाणता माणूस तबकडीचें साल काढतो. कोणाकडून नक्कल करवून घेतांना वेग नीट जुळवावयास सांगावें. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे ही रूढ संख्या असली तरी सुरुवातीच्या काळांतील तबकड्या तिला चिकटून नसत, आणि वेग वाढला कीं काळी दोनची गायिका काळी तीनची होऊन बसते.

फुटलेली तबकडीही टाकूं नये. सुई न टेकवतां केवळ खांचांचें छायाचित्र घेऊन आवाज काढण्याची युक्ति अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत निघाली आहे, व तीस तुकडेही चालतात. मात्र ते डिंकानें चिकटवूं नयेत. स्वच्छ कागदांत एकत्र बांधून वर गायकाचें नांव लिहून ठेवावें.